रिकाम्या पेटीचा कौल

पेटी उघडली तेव्हा आत पालीची दोन अंडी होती. एक फुटलेलं, एक शाबूत. बाकी काही नव्हतं. नवे फादर वाकून आत बघत राहिले, मग त्यांनी मोबाईलची बत्ती लावली, जणू उजेड कमी पडल्यामुळे देव दिसत नव्हता. मी हातात तेलाची बाटली घेऊन मागे उभी होते. आमच्या वाडीच्या कपेलात, म्हणजे छोट्या चर्चात, दिव्यात तेल घालायला आले होते, रोज दुपारी येते तशी, आणि फादर सामानाची यादी करत होते. पितळी समया चार, क्रूस दोन, गालिचा एक, जुना. मग त्यांनी अल्तारामागच्या, म्हणजे वेदीमागच्या, भिंतीतली ती पेटी उघडली. आम्ही तिला साक्रार म्हणतो. मिसा, म्हणजे आमची रविवारची उपासना, झाल्यावर उरलेली पवित्र भाकर तिच्यात ठेवतात आणि ती भाकर म्हणजे आमच्यासाठी साक्षात तो. म्हणून पेटीसमोर तांबड्या काचेचा दिवा अखंड जळतो. दिवा जळतोय म्हणजे तो आत आहे, दिवा नाही म्हणजे पेटी रिकामी. आमच्या वाडीतल्या शेंबड्या पोरालाही हे कळतं. दिवा जळत होता. मी स्वतः काल दुपारी काठोकाठ भरला होता. "बाई, हे रिकामं आहे," फादर म्हणाले, आणि त्यांनी जुन्या फादरांना फोन लावला, स्पीकरवर. जुने फादर सप्टेंबरच्या शेवटी बदलून गेले, नवे कालच आले, आणि मधले तीन रविवार कपेलात मिसा झालीच नव्हती. त्यांचा आवाज नेहमीसारखा भरदार, मागे कुठेतरी भांडी वाजत होती, जेवायला बसले असावेत. "अरे हो रे, मीच नेलं. त्या कुलपाची चावी अर्ध्यात अडकत होती, म्हटलं कुलूप बदलेपर्यंत नको ठेवायला. मार्सेलीनबाईंना दिवा विझवायला सांगायचं राहूनच गेलं." मार्सेलीनबाई म्हणजे मी. मग दोघे फादर हसले. वाईट हसले नाहीत. एखादी छत्री कुणाकडे विसरली म्हणून माणसं हसतात तेवढंच.

मी बाटलीचं बूच लावलं. चोवीस दिवस, मी मनात म्हणाले. एक ऑक्टोबरपासून आज चोवीस. तीस वर्षं नगरपरिषदेत जन्ममृत्यूच्या दाखल्यांच्या टेबलावर काढली की तारखा डोक्यात आपोआप लागतात. चोवीस दिवस मी त्या पेटीसमोर गुडघे टेकले, सकाळी अर्धा तास, संध्याकाळी तेर्सानंतर पुन्हा अर्धा तास, म्हणजे वाडीतल्या बाया जपमाळ संपवून चपला शोधायला लागल्या की मी मागे राहायचे. बाया एकमेकींना कोपराने खुणावायच्या. बिचारी, नवऱ्यासाठी बसते. त्यांची ती बिचारी ऐकून माझं डोकं उठायचं, पण मी बसायचे. कारण मला एक उत्तर हवं होतं. इनासच्या, माझ्या नवऱ्याच्या, डोक्यात, उजव्या डोळ्याच्या मागे, लिंबाएवढी गाठ आहे. गोव्याच्या इस्पितळातल्या डॉक्टरने फोटो लावून दाखवली. काढायला गेलो तर टेबलावरच काही होऊ शकतं, आणि वाचला तर वाचा जाऊ शकते. नाही काढली तर आधी नजर जाईल, मग बाकीचं, सहा महिने धरा, फार तर वर्ष. "निर्णय तुमचा," डॉक्टर म्हणाला, आणि पुढच्या पेशंटची फाईल उघडली. सोमवारची खाट राखून ठेवली आहे, शुक्रवारी दुपारपर्यंत कळवा. तो शुक्रवार म्हणजे उद्या. तर हे सगळं मी पेटीसमोर मांडलं. विनवणी वगैरे केली नाही, मला ते जमत नाही. अर्जासारखं मांडलं. ऑपरेशन करू की नको, एवढंच सांग.

आणि त्याने सांगितलं होतं. हीच तर माझी गोची. नवव्या दिवशी संध्याकाळी, गुडघे इतके दुखत होते की मी जपसुद्धा सोडला होता, नुसती बसले होते, आणि एकदम आतून सगळं निवलं. रडू येऊन गेल्यावर होतं तसं, पण मी रडले नव्हते. दिव्याची वात मध्येच तडतडली, आणि माझ्या मनात कुणीतरी म्हणालं, आमच्याच बोलीत, रवांदे. राहू दे. मी तिथंच कपाळ बाकाला टेकवलं. इतकं बरं मला कित्येक महिन्यांत वाटलं नव्हतं. घरी आले तेव्हा इनास पडवीत बसला होता. मुंबईला असलेल्या आमच्या सारिकाचा फोन नुकताच होऊन गेला होता, ती रोज एकच विचारते, ठरलं का. इनासने मला बघितलं आणि विचारलं, "तो काय म्हणता?" इनासने. जो तीस वर्षं रविवारच्या मिसेला कपेलच्या बाहेर चिंचेखाली बिडी ओढत उभा राहिला, प्रवचन संपून घंटा वाजली की तेवढ्यापुरता दारात यायचा. ट्रॉलरच्या इंजिनांचा मेकॅनिक. उघडून बघितल्याशिवाय कशावर विश्वास नाही, असं सगळ्या मालवण बंदराला सांगणारा. त्याने मला विचारलं, तो काय म्हणता, आणि मी म्हणाले, "रवांदे म्हणता." इनासने बिडीचं थोटूक विझवलं. मग म्हणाला, "बरा झाला. माका पण तसाच वाटत होता. डोळे गेले तरी चलतीत. माका वाचा होई." आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी निघाले तर तो दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून पायरीवर उभा. म्हणाला, मी पण येतंय.

त्याचं ते गुडघे टेकणं मला आत्ता, फादरांसमोर उभी असताना, डोळ्यापुढे आलं आणि मला संताप आला. आधी एक गुडघा, मग बाकाला धरून दुसरा, मग हात कुठे ठेवायचे ते न कळून शेजारच्याकडे बघणं. साठीच्या माणसाला अशी लाज. पंधरा दिवस तो आला. रस्त्यात माझा दंड धरून, कारण उजव्या बाजूचं दिसेनासं झालंय, पण सांगायचा असा की मीच पडेन म्हणून त्याने मला धरलंय. पहिल्या बाकावर बसायचा. काल वाडीतल्या कुणाकडच्या पाहुण्या येऊन बसल्या म्हणून मागे बसावं लागलं तर घरी येईपर्यंत कुरकुरत होता. ओठ हलवत काहीतरी बोलायचा पेटीकडे बघून. काय बोलायचा ते मी कधी विचारलं नाही. नवराबायकोत विचारायच्या गोष्टी वेगळ्या असतात. मला आपलं वाटायचं, बघ, गाठीने का होईना, आला. मनात मी देवाला शाबासकीसुद्धा दिली होती. आणि तो बिचारा भिंतीतल्या भोकाशी बोलत होता, पालीच्या अंड्यांशी.

"बाई, तुम्ही एवढं मनाला लावून घेऊ नका," नवे फादर म्हणाले. माझा चेहरा बघून त्यांना काहीतरी कळलं असावं. वसईकडचे आहेत, तरुण, शुद्ध मराठी बोलतात, स्वभावानेही चांगले असतील. "देव काय पेटीत मावतो का? तो सगळीकडे असतो. तुमची प्रार्थना पोचलीच." मी त्यांना म्हणाले, "सगळीकडे असतो तर मग दिवा कशाला, फादर?" ते म्हणाले, खूण म्हणून. मी म्हणाले, खोटी खूण होती. ते म्हणाले, तुमची श्रद्धा तर खरी होती. आता यावर काय बोलायचं. मी तीस वर्षं दाखले दिले. शिक्का असेल तर दाखला, शिक्का नसेल तर तो कागद. माणूस समोर धडधाकट उभा असला तरी मी जन्माचा कागद मागितलाय, आणि बाई रडत असली तरी मृत्यूचा. लोक शिव्या घालायचे, त्या आल्मेडाबाईच्या टेबलावर जाऊ नका म्हणून. आणि तीच मी इथे शिक्क्याशिवाय, नुसत्या एका तडतडीवर, नवऱ्याचा मृत्यू मंजूर करून मोकळी झाले होते. फादरांना हे सांगितलं नाही. त्यांनी यादीत पुढे लिहिलं, कुलूप बदलणे. मग खुर्चीवर चढून त्यांनी फुंकर घातली, दिवा विझला, तेलाच्या धुराचा वास आला, आणि ते खाली उतरून हात झाडत म्हणाले, रविवारी मिसेनंतर परत लावू.

मी घरी निघाले. ऑक्टोबरचं ऊन, डांबर मऊ झालेलं, सुक्या मच्छीचा वास वाऱ्याबरोबर येऊन जात होता. वॉटर स्पोर्ट्सच्या पाट्यांखाली पुण्याच्या गाड्या वाकड्यातिकड्या उभ्या होत्या आणि त्यातून वाट काढताना मी एकाला चांगलंच फैलावर घेतलं, त्याची काही फार चूक नसताना. मला सावित्री आठवत होती. शेजारची, तीस वर्षांचा घरोबा. गाठ कळली त्या आठवड्यात ती मागल्या दाराने आली होती आणि हळूच म्हणाली होती, "मार्सेलीनबाय, तुजा मन थाऱ्याक नाय तर देवीकडे कौल लावया. माझो दीर गुरवाक सांगतलो. उजवा पडला तर जावचा, डावा पडला तर नाय. मनाचो घोर तरी जातलो." देवीच्या अंगावर पाकळ्या चिकटवतात, प्रश्न विचारतात, मग कुठली पाकळी आधी पडते ते बघत हात जोडून उभं राहतात. मी सावित्रीला म्हणाले होते, आमच्यात तसं नसतं. चांगलं नाक वर करून म्हणाले होते. आमच्यात देवावर भरवसा टाकतात, पाकळ्या मोजत नाहीत. ती बिचारी चहा पिऊन गेली. आणि मी काय केलं? मीही कौलच लावला. फक्त माझा गुरव नव्हता, पाकळी नव्हती, आणि देवीच्या गाभाऱ्यात निदान देवी तरी असते.

आणि खरं सांगू का, त्याहून वाईट एक गोष्ट मला चालता चालता कळत होती. ती मी बाजूला सारत होते आणि ती पुन्हा पुढे येत होती. ते रवांदे कुणाचं होतं ते मला माहीत होतं. नवव्या दिवशीसुद्धा माहीत असणार, कुठेतरी तळाशी. ते माझं होतं. मला ऑपरेशन थिएटरच्या दाराची भीती आहे. किती दाखले मी लिहिले त्या दाराआड गेलेल्यांचे. मृत्यूचं कारण, या रकान्यात शस्त्रक्रियेदरम्यान असं लिहिताना माझं अक्षर कधी हललं नाही, पण समोरच्या बाईचा चेहरा मी दर वेळी बघितला, आणि दर वेळी त्या चेहऱ्यावर एकच असायचं, मीच सही केली. मला ती सही करायची नव्हती. इनास हळूहळू गेला तर ते देवाने नेलं, टेबलावर गेला तर मी पाठवला. एवढा साधा हिशेब. त्यासाठी मला देवाची सही हवी होती, आणि ती मी स्वतःच केली आणि खाली त्याचं नाव घातलं. असल्या सह्या मी ऑफिसात किती पकडल्या होत्या. मला माझी किळस आली. आणि त्याचाही राग आला, आत नसलेल्याचा. नव्हतास तर नव्हतास, पण मग ते निवणं कुठून आलं? एवढं शांत मला कुणी केलं? का तेही मीच केलं? जळत्या दिव्याकडे बघून एकदा तरी मला वाटायला हवं होतं की आत कुणी नाही. दहा वर्षं मी तो दिवा भरते. दोन घास कमी खाल्लेला नवरा मला पाठमोरा ओळखू येतो, आणि देव घरात नाही हे चोवीस दिवसांत कळू नये? की तो असतो तेव्हाही मला असंच काही कळत नसतं? या प्रश्नापाशी मी रस्त्यातच थांबले. मागून रिक्षावाल्याने हॉर्न दिला.

इनास पडवीत टेबलफॅन उघडून बसला होता. दाढी झालेली. इस्त्रीचा शर्ट खुंटीला तयार. चार वाजलेले नव्हते. "आज लवकर जावया," तो म्हणाला, "काल पुढची जागा गावली नाय." मी पायरीवर बसले. तो स्क्रू लावत होता. स्क्रू जिथे होता त्याच्या बोटभर डावीकडे तो पेचकस टेकवून फिरवत होता, मन लावून, आणि पेचकस पत्र्यावर नुसता घसरत होता. त्याच हातांनी त्याने अंधारात, हलत्या होडीत, इंजिनं बसवली होती. मला बोलायचं नव्हतं. मी ठरवलंही होतं कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत, की सांगायचं नाही. रविवारी पेटी भरेल, दिवा लागेल, तो तसाच येत राहील ओठ हलवत, आणि जे काय सहा महिने असतील ते सुखात जातील. कुणाचं काय बिघडलं. त्याला कधी नव्हे तो देव मिळालाय, तो मी काढून घेऊ? पण पेचकस पुन्हा घसरला, त्याने तो उचलून पुन्हा त्याच चुकीच्या जागी टेकवला, आणि मी बोलून गेले. "इनास, ती पेटी रिकामी आसा."

त्याने मान वळवली, थोडी जास्तच, डावा डोळा माझ्यावर येईपर्यंत. मी सगळं सांगितलं. चावी, जुने फादर, पालीची अंडीसुद्धा. वाटलं, हसेल. त्याचा हक्क होता. तीस वर्षं तो हेच तर सांगत होता मला.

"कधीपासून?" त्याने विचारलं.

"सप्टेंबराच्या शेवटाक. तू येवक लागलंस त्याच्या आधीपासून."

"म्हणजे मी रोज गुडघे टेकी होतंय तेव्वा?"

"तेव्वा पण रिकामीच."

त्याने पेचकस खाली ठेवला. हात लुंगीला पुसले, एकेक बोट. "मग माझा आयकल्यान कोणी?" तो म्हणाला. चिडून नाही. जत्रेत हात सुटलेलं पोर विचारतं तसं, आणि ते ऐकून मला त्या दोन्ही फादरांच्या कानफटीत मारावंसं वाटलं, आणि त्याआधी माझ्या.

"माका म्हायत नाय," मी म्हणाले.

"आणि तुका सांगल्यान ता? रवांदे म्हणान?"

"ता कोणी सांगूक नाय. ता माझाच होता, इनास. माका भ्या वाटला. ऑपरेशनाक तुका पाठवूचा माका भ्या वाटला, आणि मी त्याच्या नावार खपवलंय."

हे सगळं मी जमिनीकडे बघून बोलले. तीस वर्षांच्या संसारात त्याच्यापुढे इतकं उघडं मी कधी बोलले नव्हते.  सावित्रीकडे कुकरची शिट्टी झाली. मग तो म्हणाला, "माका पण भ्या वाटत होता. म्हणान तर मी लगेच हो म्हटलंय. तू डोंगरावरून उडी मार म्हटला असतास त्याच्या नावान, तरी बरा वाटला असता. कोणीतरी ठरवल्यान, इतक्याच होया होता." आणि माझ्याकडे मान वळवून, "मग आता तो काय म्हणता?"

किती सवय लागली होती त्याला, पंधरा दिवसांत. मी त्याच्याकडे बघितलं. एक डोळा माझ्यावर, दुसरा कुठेतरी माडाच्या बुंध्यावर. खोटं बोलायला इतकी सोपी वेळ पुन्हा आली नसती. जा म्हणतो, असं मी म्हटलं असतं तर तो हसत गेला असता थिएटरात. "तो काय म्हणाक नाय," मी म्हणाले. "मी म्हणतंय. ऑपरेशनाक जावया."

"थंय काय झाला तर?"

"तर ता माझ्यार."

"माझी वाचा गेली तर?"

 मी मान हलवली, ती होची की नाहीची ते मलाही कळलं नाही. त्याने पंख्याची जाळी उचलून पंख्यावर नुसतीच ठेवली, स्क्रूशिवाय, आणि म्हणाला, "तर मगे तूच बोल. तशी पण तूच बोलतंस."

मी आत जाऊन इस्पितळात फोन लावला. तिकडच्या मुलीला मी ऑफिसच्या मराठीत सांगितलं, इनास आल्मेडा, सोमवारची खाट, आम्ही येतोय. ती म्हणाली, संमतीपत्रावर नातेवाइकाची सही लागेल, कोण करणार? मी म्हणाले, पत्नी. मग सारिकाला फोन केला, ती रडायला लागली, तिला म्हटलं रडायचं ते तिथे रड, इथे येताना कोरड्या डोळ्यांनी ये. सावित्रीच्या मुलाला, गुरुप्रसादला, रविवारी सकाळी गाडी आणायला सांगितलं. एवढं झाल्यावर मी कपाटावरची बॅग काढली आणि इनासच्या लुंग्या घड्या करून भरायला लागले, टॉवेल, कवळीचा डबा, रिपोर्टांची पिशवी. मध्ये एकदा हात थांबले. समोर भिंत होती. तिथे देवाची तसबीर आहे, पण मी तिच्याकडे बघत नव्हते, आमच्याकडे तसबिरींची काही कमी नाही. मी भिंतीच्या कोऱ्या भागाकडे बघत म्हणाले, मोठ्यानेच म्हणाले असावे, रविवारी सकाळी आम्ही निघतोय. सोमवारी तो आत जाईल. सही मी करणार आहे, माझ्या नावाने. तू आहेस की नाहीस ते मी आता विचारत नाही, आणि काय करू तेही विचारत नाही. आहेस, असं धरून चालते, कारण दुसरं काही धरायला मला जमत नाही. आणि मी तुझ्यावर फार रागावले आहे, तेही ऐक.

पडवीतून इनासचा आवाज आला. "कोणाकडे बोलतंस गो?"

"म्हायत नाय," मी म्हणाले. "पण सांगान ठेवलंय."